रविवार गेला, मग एकत्र जेवायचा वार कोणता?

एका हातात घास आणि एका हातात फोन असे हा एपिसोड ऐकणारे बरेच जण असणार, त्यांना आधी एवढंच सांगतो, सावकाश जेवा. आणि जे ऐकण्याऐवजी इथे वाचतायत, त्यांच्यासाठी हा लिखित एपिसोड. बोलतानाचे 'अं' आणि 'म्हणजे बघा' थोडे कमी केलेत, बाकी सगळं तसंच आहे.

आजचा प्रश्न सोपा आहे. तुमच्या घरातली सगळी माणसं आठवड्यातून एकदा तरी एकत्र जेवायला बसतात का? लग्न, सणवार, वाढदिवस सोडून. साध्या आठवड्यात, साधं जेवण, सगळे जण एकाच वेळी.

यावर दोन उत्तरं नेहमी ऐकू येतात. मोठी माणसं म्हणतात, "आमच्या वेळी सगळे एकत्र बसायचे, आता तुमच्या हातातून मोबाईल सुटत नाही." आपल्या वयाची पोरं म्हणतात, "वेळच नसतो यार." मला दोन्ही उत्तरं अर्धवट वाटतात. का, ते सांगतो.

आपण यादीत कुठे आहोत?

'वर्ल्ड हॅपिनेस रिपोर्ट' दरवर्षी येतो, तुम्ही नाव ऐकलं असेल. २०२५च्या रिपोर्टमध्ये एक अख्खं प्रकरण एकत्र जेवण्यावर आहे. १४२ देशांतल्या लोकांना साधारण असं विचारलं होतं: गेल्या सात दिवसांत दुपारची सात आणि रात्रीची सात अशी १४ जेवणं होतात, त्यातली किती तुम्ही ओळखीच्या माणसासोबत जेवलात?

सगळ्यात वर होते लॅटिन अमेरिकेतले देश. आणि सगळ्यात खाली? दक्षिण आशिया. म्हणजे आपण आणि आपले शेजारी.

मी हे वाचलं तेव्हा परत एकदा वाचलं. आपण तर घरोघरी 'आमची फॅमिली, आमचे संस्कार' म्हणत असतो. मग जेवताना आपण एकटे कसे?

याच रिपोर्टमध्ये असंही दिसतं, की जे लोक जास्त वेळा सोबत जेवतात ते आपल्या आयुष्याबद्दल जास्त समाधानी असतात. आता, एकत्र जेवल्यामुळे माणूस खूश होतो की मुळात खूश असलेली माणसंच एकत्र जेवतात, हे एवढ्यावरून ठरवता येत नाही. पण दोन गोष्टी हातात हात घालून चालतात, एवढं नक्की.

आता आपण तळाला का, यावरचं माझं उत्तर. याची दोन कारणं मला दिसतात. एक कॅलेंडरमध्ये आहे, दुसरं गॅसच्या ओट्यापाशी.

पहिलं कारण: सुट्टी आहे, पण सगळ्यांची वेगवेगळी

रविवारची सुट्टी आपल्याला आकाशातून पडल्यासारखी वाटते. पण ती कुणीतरी भांडून मिळवलेली आहे. मुंबईच्या गिरण्यांमध्ये कामगार आठवड्याचे सातही दिवस राबायचे. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये कामगारांच्या सभा घेतल्या आणि साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचं निवेदन तयार केलं. लोखंडे म्हणजे महात्मा फुल्यांचे सहकारी, 'दीनबंधू'चे संपादक. निवेदनातल्या मागण्या बघा: आठवड्यातून एक दिवस, रविवारी, सुट्टी. आणि रोज दुपारी अर्धा तास विश्रांती. दुपारचा तो अर्धा तास म्हणजे घासभर खायला मिळणारा वेळ! पुढे १० जून १८९० ला गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. रविवार हा खंडोबाचा वार, त्यामुळे तोच दिवस कामगारांना जवळचा वाटला, असंही सांगितलं जातं.

पण त्या मागणीची खरी ताकद माझ्या मते एका गोष्टीत होती. सगळ्यांना *एकच* वार मिळाला. नवऱ्याला सुट्टी, भावाला सुट्टी, शेजाऱ्याला सुट्टी, शाळेला सुट्टी. रविवारी सकाळी मटणाच्या दुकानासमोर लागणारी रांग आठवा. ती रांग लागते, कारण त्या दिवशी घरी सगळे असतात.

आता पुढे या. १९४८चा कारखाने कायदा म्हणायचा, आठवड्याची सुट्टी आठवड्याच्या पहिल्या दिवशी, म्हणजे रविवारी. पण त्याऐवजी मागचा-पुढचा दुसरा दिवस देण्याची सोयही त्यात होती. पुण्याच्या आसपास राहणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको. पिंपरी-चिंचवड, भोसरीकडच्या बऱ्याच कंपन्यांची सुट्टी गुरुवारी असते. लाईटच्या दुरुस्तीची कामंही बहुतेक गुरुवारीच, पुण्यात पाणी बंद राहणार असेल तर तेही बहुतेक गुरुवारीच.

मग आला महाराष्ट्राचा २०१७चा दुकाने आणि आस्थापना कायदा. त्याने दुकानं, मॉल, हॉटेलं वर्षाचे ३६५ दिवस चालू ठेवायला मोकळीक दिली. कामगाराला आठवड्यातून सलग २४ तासांची सुट्टी द्यायचीच आहे, ती गेली नाही. पण ती कुठल्या वारी, ते रोटेशनवर. मॉलमध्ये काम करणाऱ्याला शनिवार-रविवार सुट्टी मागून बघा. आपण सगळे ज्या दिवशी मॉलमध्ये जातो, त्या दिवशी तो कसा घरी बसेल?

त्यात आम्ही आयटीवाले. सुट्टी शनिवार-रविवार, पण बाकीचे पाच दिवस क्लायंट उठला की आमचा दिवस सुरू.

थोडक्यात, सुट्टी प्रत्येकाकडे आहे, पण सगळ्यांची मिळून एक सुट्टी राहिलेली नाही.

आमच्या घराचं गणित

मी इंजिनिअर माणूस, त्यामुळे हे कागदावर मांडून बघितलं. आमच्या घरात चौघं.

बाबा: भोसरीच्या कंपनीत, तीन शिफ्ट आलटून पालटून. फर्स्ट सकाळी ७ ते साडेतीन, सेकंड साडेतीन ते रात्री १२, थर्ड रात्री १२ ते सकाळी ७. सुट्टी गुरुवारी.
दादा: मॉलमधल्या शोरूममध्ये, ११ ते ९. घरून सव्वादहाला निघतो, रात्री दहाला परत. सुट्टी मंगळवारी.
मी: सोमवार ते शुक्रवार दुपारी १ ते रात्री १०. शनिवार-रविवार सुट्टी.
आई: घरी. म्हणजे सातही दिवस ड्यूटी, सुट्टी नाही.

आता आठवड्याची १४ जेवणं घ्या. दुपारचं दीडला, रात्रीचं नऊला. मी फक्त शनिवार-रविवारच्या चार जेवणांना असतो. नेमका त्या चारही वेळी दादा मॉलमध्ये. झालं. बाबांच्या शिफ्टपर्यंत जायचीही गरज नाही. उत्तर शून्य.

यात कुणाचा मोबाईल आला का? कुणाचे संस्कार कमी पडले का? चौघंही अगदी मनापासून तयार असले, तरी उत्तर शून्यच येतं. म्हणून 'आजकालच्या पोरांना घराची ओढ नाही' हे वाक्य ऐकलं की मला वाटतं, आधी रोस्टर बघा.

पण आमच्या धंद्यात एक सवय लागते. उत्तर शून्य आलं की आधी प्रश्न नीट विचारला का ते तपासायचं. मी फक्त दुपार आणि रात्र धरली होती. सकाळ धरलीच नव्हती.

सकाळी पावणेनऊ घ्या. दादा सव्वादहापर्यंत घरी. मी रोज घरी. आणि बाबांचा गुरुवार तर सुट्टीचाच. थर्ड शिफ्टच्या आठवड्यात ते गुरुवारी सकाळी आठला घरी पोचतात, म्हणजे तेव्हाही जमतं. महिन्यातल्या प्रत्येक गुरुवारी, शिफ्ट कुठलीही असो, चौघं घरात असतात. दीड तास!

तर आमचं आठवड्याचं एकत्र जेवण हे गुरुवारचा नाष्टा आहे. आणि गुरुवारी आईचा उपवास, त्यामुळे मेनूवर वाद नाही. साबुदाण्याची खिचडी. उपवास एकटीचा, खाणारे चौघं.

दुसरं कारण: सगळे म्हणजे नक्की कोण?

आता अवघड भाग.

'आमच्या वेळी सगळे एकत्र बसायचे.' हे वाक्य म्हणणाऱ्याला एकच विचारायचं: तेव्हा वाढायला कोण होतं? पंगत बसायची ती पुरुषांची आणि पोरांची. बायका मागून. उरलेली आमटी, गार झालेल्या पोळ्या, आणि भाजी संपली असेल तर लोणचं. खूप घरांत हे असंच होतं आणि अजूनही आहे. म्हणजे 'सगळे' या शब्दात घरातली निम्मी माणसं मोजलेलीच नव्हती.

हे नुसतं माझं मत नाही. 'इंडिया ह्यूमन डेव्हलपमेंट सर्व्हे' नावाची मोठी पाहणी आहे, २००४-०५ मध्ये आणि २०११-१२ मध्येही झाली. त्यात घरातल्या बायकांना विचारलेला एक प्रश्नच असा आहे, की तुम्ही पुरुषांसोबत जेवता, आधी जेवता की नंतर? असा प्रश्न मुद्दाम विचारावा लागतो, यातच सगळं आलं.

आणि वेळेचं म्हणाल, तर सरकारच्या २०१९च्या टाइम यूज सर्व्हेत सहा वर्षांवरच्या सगळ्यांचा दिवस कसा जातो ते मोजलं. घरातलं बिनपगारी काम दिवसभरात ८१.२ टक्के बायकांनी केलं आणि २६.१ टक्के पुरुषांनी. जे करतात त्यांच्यातही बायकांचा रोजचा वेळ सरासरी २९९ मिनिटं, पुरुषांचा ९७. म्हणजे पाच तास विरुद्ध दीड तास.

मग आपण म्हटलं, की चला, आठवड्यातून एकदा सगळे एकत्र जेवू, झकास बेत करू, तर काय होतं? तिघांसाठी एकत्र जेवण, आणि चौथीसाठी जास्तीची ड्यूटी. "तुम्ही बसा रे, गरम गरम खाऊन घ्या, मी मागून बसते." हे वाक्य कुणाच्या घरात ऐकू येत नाही, सांगा.

इथे मला एक गोष्ट लक्षात आली, ती अगदी साधी आहे. काही पदार्थच असे आहेत, की करणारा माणूस बसूच शकत नाही. पुऱ्या, थालीपीठ, घावन, डोसे, तव्यावरची गरम पोळी. एकेक करून उतरवायचं, एकेक करून वाढायचं. खाणारे खात राहतात, करणारी उभी राहते. आणि काही पदार्थ एकदा झाले की झाले: खिचडी, पोहे, उपमा, मसालेभात, मिसळ, पावभाजी. पातेलं मध्ये ठेवायचं, गॅस बंद करायचा, बसायचं.

म्हणजे एकत्र जेवणाचा वार ठरवून अर्धंच काम होतं. गॅस बंद होईल असा बेत ठरवला, तर उरलेलं अर्धं होतं.

आमच्याकडे गुरुवारची खिचडी या हिशोबात बसली. साबुदाणा बुधवारी रात्री भिजवायचं काम माझं, ऑफिसमधून आल्यावर. दाण्याचं कूट बाबा करतात, बटाटे सोलायला दादा. फोडणी आईच देते, ती म्हणते तुम्ही जिरं जाळता. पण गॅस बंद झाला की तीही ताट घेऊन बसते. पहिल्या काही गुरुवारी ती मध्येच उठायची, कुणाला दही, कुणाला पाणी. मग दही-पाणी आधीच मध्ये आणून ठेवायला लागलो. आता उठायला कारणच उरत नाही.

आणि एक सांगू? ती बसल्यावर बोलते. ओट्यापाशी उभं राहून माणूस फक्त 'अजून वाढू का' एवढंच बोलतो. बसल्यावर ती तिच्या भिशीतल्या भानगडी सांगते, गुडघा दुखतोय हे सांगते. गुडघ्याचं आम्हाला तोपर्यंत कुणालाच माहीत नव्हतं. नंतर बाबा तिला डॉक्टरकडे घेऊन गेले.

तुमच्या घरी कसं करायचं?

एकटे राहणारे, हॉस्टेलवाले, पुण्या-मुंबईत रूमवर राहणारे म्हणतील, आमचं काय? तुमचंही गणित तेच आहे, फक्त माणसं वेगळी. रूममेट धरा. किंवा गावाकडे व्हिडिओ कॉल लावून दोन्हीकडे एकाच वेळी ताट घ्या. समोरासमोर बसण्याची सर त्याला नाही, पण आईने आज जेवायला काय केलंय हे तरी दिसतं.

बाकीच्यांनी एक कागद घ्या. घरातल्या प्रत्येकाचा आठवडा लिहा. दुपार-रात्र नाही जमली तर सकाळ बघा, संध्याकाळचा चहा बघा. रविवारच पाहिजे असा हट्ट नको. अर्धा तास सापडला तरी पुरे, लोखंड्यांनी गिरणी कामगारांसाठी रोजचा अर्धा तासच मागितला होता.

आणि कागदावर शेवटी एक ओळ लिहा: 'गॅस कोण बंद करणार आणि किती वाजता?' ती वेळ पाळा, बाकीचं आपोआप होतं.

तुमचा वार कोणता निघाला आणि बेत काय ठरला, ते व्हॉइस नोट करून पाठवा. पुढच्या एपिसोडमध्ये ऐकवतो. चला, भेटू!