वेळ संपली, प्रश्न राहिला

दोन वर्षांपूर्वी फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात आमच्या गावात सर्वधर्म सद्भाव मेळावा झाला. हा आठवडा संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने २०१० मध्ये ठराव करून धर्माधर्मांतील सलोख्यासाठी राखून ठेवला आहे. मूळ सूचना जॉर्डनचे राजे दुसरे अब्दुल्ला यांची. अम्मानमधून निघालेली ती सूचना न्यूयॉर्कमार्गे आमच्या तालुक्याच्या गावी पोहोचली, याचे मला कौतुक वाटले होते. व्यासपीठावर एक कीर्तनकार बुवा, मशिदीचे इमामसाहेब, चर्चचे फादर आणि विहारातले भन्तेजी होते. मी इतिहासाचा निवृत्त प्राध्यापक, तेव्हा अध्यक्षपद माझ्याकडे आले.

सगळे रीतसर पार पडले. शाली झाल्या, नारळ झाले. दीपप्रज्वलनाच्या वेळी मेणबत्ती इमामसाहेबांच्या हाती देण्यात आली, तेव्हा ते किंचित मागे सरले आणि ती पुढे फादरकडे गेली. हे सर्वांनी पाहिले आणि कोणीही पाहिले नाही. मग चारही वक्त्यांनी सांगितले, की सर्व धर्मांची शिकवण एकच आहे. टाळ्या पडल्या.

शेवटी ‘कोणाला काही विचारायचे आहे का?’ असे मी प्रथेप्रमाणे विचारले. अशा वेळी कोणी काही विचारत नसते. पण मागच्या रांगेतली, नववीत शिकणारी एक मुलगी उभी राहिली आणि म्हणाली, “सर, सगळे धर्म सारखेच, तर मग आमच्या आजीला शेजारच्या चाचींच्या घरचं पाणी का चालत नाही? आणि चाचींना आमच्या सत्यनारायणाचा प्रसाद का चालत नाही?”

सभागृहात एक चमत्कारिक शांतता पसरली. बुवांनी खाली पाहिले. इमामसाहेब दाढीवरून हात फिरवू लागले. मी घड्याळाकडे पाहिले. “बाळ, फार चांगला प्रश्न आहे. पण वेळ संपली आहे,” असे म्हणून मी आभार मानण्याची खूण केली.

त्या रात्री मला झोप लागली नाही, असे मी म्हणणार नाही. चांगली लागली. टोचणी लागली ती दोन दिवसांनी. एकनाथांची गाथा चाळताना ‘हिंदू-तुर्क संवाद’ पुढे आला, तेव्हा.

पैठणच्या नाथांची ही रचना सोळाव्या शतकातली. नाथांचे गुरू जनार्दनस्वामी हे देवगिरीच्या किल्ल्यावर निजामशाहीच्या चाकरीत होते. म्हणजे ‘तुर्क’ हा नाथांना पोथीतून भेटलेला नव्हता. तो त्यांच्या रस्त्यावरचा आणि त्यांच्या गुरूंच्या कचेरीतला माणूस होता. या संवादातले दोघे एकमेकांना हार घालत नाहीत. ते भांडतात, आणि चांगले कडकडून भांडतात. तुर्क हिंदूच्या देवांच्या कथांची थट्टा करतो, मूर्तीवरून छेडतो, सोवळ्याओवळ्यावरून आणि जेवणातल्या शिवाशिवीवरून टोमणे मारतो. हिंदूही कमी करत नाही. ईश्वर सर्वत्र आहे तर एकाच दिशेला तोंड करून का उभे राहता, जीव का मारता, दुसऱ्याला बाटवून कोणते पुण्य मिळते, असे तो खडसावून विचारतो. दोघांच्या भाषाही वेगळ्या. एकाची मराठी, दुसऱ्याची दख्खनी वळणाची. आणि एवढी खडाजंगी झाल्यावर शेवटी दोघे एकमेकांना आलिंगन देतात. अमेरिकन विदुषी एलिनॉर झेलियट यांना या रचनेचे महत्त्व वाटले आणि त्यांनी तिचा इंग्रजीत अनुवाद केला. आम्ही मात्र भारुडांच्या कार्यक्रमात ती सहसा घेत नाही. दुखावणारी आहे म्हणून.

गाथा मिटल्यावर मला उमगले, की त्या मुलीने जे विचारले ते नाथांच्या तुर्काने चारशे वर्षांपूर्वीच विचारून ठेवले होते. आलिंगन हवे तर आधी ते भांडण ऐकून घ्यावे लागते. आम्ही आमच्या मेळाव्यात भांडण वगळून थेट आलिंगनावर आलो होतो.

हा आमच्याच गावाचा दोष आहे का, असा विचार करू लागलो तेव्हा मला वर्गात शिकवलेला क्रुसेडचा इतिहास आठवला. मुलांना हा भाग लढायांमुळे आवडतो. मला त्यातले एक भेटीचे प्रकरण आवडते. इसवी सन १२१९. ख्रिस्ती सैन्य ईजिप्तमध्ये नाईलच्या मुखापाशी दमिएटा या शहराला वेढा घालून बसले होते. समोर सुलतान अल् कामिल, म्हणजे प्रसिद्ध सलाउद्दीनचा पुतण्या. दोन्हीकडे माणसे मरत होती. अशा वेळी असिसीचा फ्रान्सिस हा अनवाणी फिरणारा फकीर एका सोबत्याला घेऊन, हाती शस्त्र नसताना, शत्रूच्या छावणीत शिरला आणि सुलतानासमोर जाऊन उभा राहिला.

फ्रान्सिस ‘तुमचेही खरे, आमचेही खरे’ असे सांगायला गेलेला नव्हता. सुलतानाला ख्रिस्ती करावे, हाच त्याचा हेतू होता आणि तो त्याने लपवला नाही. सुलतानही मुसलमान म्हणूनच ऐकत राहिला. काही दिवस त्याने पाहुण्याचे बोलणे ऐकून घेतले आणि मग त्याला सुखरूप परत पाठवले. त्या वेळी छावणीत असलेले बिशप जाक द व्हित्री यांनी ही हकिगत लिहून ठेवली आहे. कोणी कोणाचा धर्म बदलला नाही. युद्धही थांबले नाही. नोव्हेंबरमध्ये दमिएटा पडले. मात्र पुढे फ्रान्सिसने आपल्या अनुयायांसाठी १२२१ मध्ये जी नियमावली लिहिली, तिच्यात मुसलमानांमध्ये जाणाऱ्यांसाठी स्वतंत्र प्रकरण आहे. तिथे जाऊन वितंडवाद न घालता, सर्वांचे सेवक होऊन राहणे हा पहिला मार्ग त्याने सांगितला. धर्माचा उघड उपदेश करणे हा दुसरा, आणि तोही देवाची इच्छा दिसेल तेव्हा. माझ्या मते त्या छावणीतल्या दिवसांचे हे फळ आहे.

त्याच सुमारास सुलतानाने एक प्रस्ताव ठेवला होता. ईजिप्त सोडून जा, जेरुसलेम घ्या. पोपच्या प्रतिनिधीने तो झिडकारला. १२२१ मध्ये हेच सैन्य कैरोच्या वाटेवर नाईलच्या पुरात अडकले आणि शरण आले. तेव्हा उपाशी शत्रूला सुलतानाने अन्न पुरवले. हेही ख्रिस्ती लेखकांनीच लिहून ठेवले आहे.

कथा इथे संपत नाही. पुढे सम्राट दुसरा फ्रेडरिक पूर्वेकडे आला. तो सिसिलीत वाढलेला होता आणि अरब पंडितांशी गणित आणि तत्त्वज्ञान यांवर पत्रव्यवहार करण्याची त्याला हौस होती. त्याने आणि अल् कामिलने वाटाघाटी केल्या. दोघांचेही स्वार्थ होते, हे सांगितलेच पाहिजे. सुलतानाचे भाऊबंदांशी वैर होते आणि सम्राटाला पोपने बहिष्कृत केले होते. पण फेब्रुवारी १२२९ मध्ये जाफा येथे करार झाला आणि जेरुसलेम लढाईवाचून ख्रिस्त्यांकडे गेले. मशिदींचा पवित्र परिसर मुसलमानांकडेच राहिला. मुदत दहा वर्षांची. फ्रेडरिक जेरुसलेमला आला तेव्हाची एक गोष्ट अरब इतिहासकार इब्न वासिलने सांगितली आहे. पाहुण्याला त्रास नको म्हणून काजीने त्या रात्री अजान बंद ठेवायला लावली. सकाळी सम्राटाने नाराजी व्यक्त केली. इथे रात्र काढली ती अजान ऐकायला मिळावी म्हणूनच, असे तो म्हणाला.

दोन राजे एकमेकांना इतके ओळखत होते. पण त्यांच्या प्रजेचे काय? जेरुसलेमच्या ख्रिस्ती धर्मप्रमुखाने त्या शहरातले धर्मविधीच बंद करण्याचा हुकूम काढला. फ्रेडरिक अक्का बंदरातून परत निघाला तेव्हा खाटकांच्या गल्लीत लोकांनी त्याच्यावर आतडी आणि मांसाचे तुकडे फेकले. तिकडे दमास्कसच्या मशिदीत सुलतानाने पवित्र शहर विकले म्हणून लोक धाय मोकलून रडले. दहा वर्षांची मुदत सरली आणि १२४४ मध्ये ख्वारिझमी सैन्याने जेरुसलेम लुटले. वरच्या दोघांनी बांधलेला पूल खालच्या कोणालाच आपला वाटला नव्हता.

राष्ट्राराष्ट्रांतल्या शांततेचे घोडे आजही पुष्कळदा इथेच अडते. या भेटीला आठशे वर्षे झाली त्या २०१९ साली, ४ फेब्रुवारीला अबू धाबी येथे पोप फ्रान्सिस आणि अल् अझहरचे प्रमुख इमाम अहमद अल् तय्यब यांनी मानवी बंधुत्वाच्या दस्तऐवजावर एकत्र सह्या केल्या. तो दिवस आता संयुक्त राष्ट्रांतर्फे मानवी बंधुत्व दिन म्हणून पाळला जातो. अशा सह्या व्हायलाच हव्यात. माझ्या मनात प्रश्न येतो तो अक्का बंदरातल्या खाटकांचा आणि दमास्कसच्या मशिदीत रडणाऱ्यांचा. त्यांच्याशी कोण बोलले होते?

खाली बोलता येते का? येते, आणि त्याचा दाखला शोधायला नाईलपर्यंत जावे लागत नाही. मुंबईपासून हाकेच्या अंतरावर भिवंडी आहे. यंत्रमागांचे गाव. १९७० आणि १९८४ अशा दोन भीषण दंगली या गावाने पाहिल्या. १९८८ मध्ये तिथे पोलीस उपायुक्त म्हणून आलेल्या सुरेश खोपडे यांनी मोहल्ला समित्या सुरू केल्या. कल्पना साधी होती. प्रत्येक भागात हिंदू आणि मुसलमान समसमान संख्येने घ्यायचे, त्यांनी पोलिसांसह नेमाने एकत्र बसायचे आणि आपल्या गल्लीतल्या गोष्टी बोलायच्या. पुढाऱ्यांपेक्षा साध्या माणसांवर भर. मिरवणूक कोणत्या वाटेने जाणार, कोणती अफवा उठली आहे, कोणाचे कोणाशी बिनसले आहे. यात वेदही नाहीत, कुराणही नाही. पण डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्ये जेव्हा मुंबई पेटली आणि श्रीकृष्ण आयोगाच्या नोंदीप्रमाणे ९०० माणसे मेली, तेव्हा ज्या भिवंडीची सर्वांना धास्ती होती, ती शांत राहिली. पुढे आशुतोष वार्ष्णेय यांच्यासारख्या अभ्यासकांनी याची दखल घेतली.

हे काम दंगल उसळल्यावर सुरू झाले नव्हते. चार वर्षे माणसे नुसती भेटत होती, बहुधा कंटाळतही होती. संकट आले तेव्हा रात्री दार वाजवावे असे एक ओळखीचे घर पलीकडे होते. अर्थात हे एकदा करून ठेवून देण्यासारखे काम नाही. २००६ मध्ये पोलीस ठाण्याच्या बांधकामावरून भिवंडीत पुन्हा भडका उडाला आणि त्यात दोन पोलीसही मारले गेले. विहिरीचा गाळ दरवर्षी काढावा लागतो, तसे हे आहे.

आता मला माझ्या मेळाव्यातली चूक स्पष्ट दिसते. फ्रान्सिस आणि सुलतान यांनी मतभेद लपवले नव्हते. नाथांच्या हिंदू आणि तुर्काने तर ते चव्हाट्यावर मांडले. भिवंडीच्या समित्यांनी ते गल्लीच्या मापात आणून सोडवले. आम्ही मात्र इमामसाहेबांच्या मागे सरलेल्या हाताकडेही पाहिले नाही. ‘इमामसाहेब, दिवा लावणे तुम्हाला का नको वाटते?’ एवढे विचारले असते, तरी त्या संध्याकाळी काहीतरी घडले असते. कदाचित ते म्हणाले असते, की तुमच्यासाठी ही शोभा असेल, आमच्यासाठी ती पूजा आहे. त्यावर बुवा काहीतरी म्हणाले असते. संवाद तिथे सुरू झाला असता.

गेल्या वर्षीच्या फेब्रुवारीत आम्ही मेळावा घेतला नाही. वाचनालयाच्या मागच्या खोलीत वीसेक खुर्च्या गोल मांडल्या. हार नाहीत, दिवा नाही. सुरुवातीला मी मागच्या वर्षीची माझी चूक सांगितली आणि त्या मुलीचा प्रश्न वाचून दाखवला. बराच वेळ कोणी बोलेना. मग बुवाच म्हणाले, “माझी आईही पीत नसे. मी पितो. पण घरी सांगत नाही.” इमामसाहेब थोडे हसले. प्रसाद देवापुढे ठेवलेला असतो म्हणून घेता येत नाही, त्यात शेजाऱ्याचा अपमान करण्याचा हेतू नसतो, असे त्यांनी समजावले. एका तरुणाने विचारले, “मग नेवैद्य दाखवण्याआधीचा शिरा चालेल का?” त्यावर जी चर्चा झाली ती दीड तास चालली. थोडी चिडचिड झाली. एक गृहस्थ उठून गेले. ते पुढच्या खेपेला येतील की नाही, मला ठाऊक नाही.

ती मुलगी आली नव्हती. तिच्या शाळेत चौकशी केली, तर दहावीची परीक्षा जवळ आल्याचे कळले. मी तिच्या बाईंकडे निरोप ठेवला आहे, की प्रश्न अजून संपलेला नाही, आणि या वेळी घड्याळ मी घरी ठेवून येईन.