बुडालेल्या धंद्याचे मोजमाप

आसामच्या तिनसुकिया जिल्ह्यात बाघजान येथे ऑइल इंडियाच्या पाच क्रमांकाच्या विहिरीतून २७ मे २०२० रोजी वायूचा प्रचंड उद्रेक झाला. ९ जूनला विहिरीने पेट घेतला, आग विझवणाऱ्या पथकातील दोघांचा बळी गेला आणि विहीर काबूत यायला १५ नोव्हेंबर उजाडला. मृत्यूची आणि जळालेल्या घरांची नोंद करणे तुलनेने सोपे असते. मला अस्वस्थ करतो तो दुसरा हिशेब. मागुरी-मोटापुंग तलावावरचे मासेमार, लहान चहा उत्पादक, पर्यटकांना फिरवणारे नावाडी यांचा बुडालेला धंदा कोणी, कसा मोजायचा?

कायद्यात या नुकसानीला स्थान नाही, असे नव्हे. १९९१ च्या सार्वजनिक दायित्व विमा कायद्याची दृष्टी संकुचित होती. त्याच्या मूळ परिशिष्टात खासगी मालमत्तेच्या हानीसाठी कमाल ६,००० रुपये होते आणि धंद्याच्या तोट्याचे स्वतंत्र कलमच नव्हते. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाच्या २०१० च्या कायद्याने मात्र ‘व्यवसाय किंवा रोजगाराची हानी’ हे भरपाईचे स्वतंत्र कारण मानले. अपघातात कोणाचा दोष होता हे सिद्ध करण्याचे ओझेही पीडितावर ठेवले नाही. अर्जासाठी पाच वर्षांची मुदत दिली.

अडचण पुढे आहे. समजा, एखाद्या चहा उत्पादकाचे नुकसान समितीने एका हंगामाचे धरले. त्याच्या मते झुडपे सावरायला तीन हंगाम लागले. हा वाद वस्तुस्थितीचा आहे: किती किलो पाला, कोणत्या भावाने, किती काळ. न्यायाधिकरणाने समितीचा आकडा मान्य केला, तर कलम २२ नुसार ९० दिवसांत थेट सर्वोच्च न्यायालयात अपील करता येते. पण त्याचे आधार दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम १०० मधले, म्हणजे कायद्याचा महत्त्वाचा प्रश्न निर्माण होत असेल तरच. आकडा चुकला, एवढे म्हणणे पुरेसे नाही. शिवाय तिनसुकियाहून दिल्लीचा प्रवास, वकील आणि कागदपत्रे यांचा खर्च मागितलेल्या रकमेहून अधिक होऊ शकतो.

याउलट, रस्त्यावर ट्रकची धडक बसलेल्या माणसाला मोटार अपघात न्यायाधिकरणाच्या निवाड्याविरुद्ध आपल्याच राज्यातील उच्च न्यायालयात जाता येते आणि तेथे रकमेचीही फेरतपासणी होते. ट्रकच्या अपघाताला जी सोय, ती वायुविहिरीच्या अपघाताला का नसावी?

मोजणाऱ्याची तटस्थता हाही मुद्दा आहे. बाघजान प्रकरणी न्यायाधिकरणाने फेब्रुवारी २०२१ मध्ये जबाबदारी ठरवण्यासाठी नेमलेल्या समितीत खुद्द कंपनीच्या व्यवस्थापकीय संचालकांचा समावेश होता. सर्वोच्च न्यायालयाने जुलैमध्ये त्या आदेशाला स्थगिती दिली. ही दुरुस्ती अपिलामुळेच शक्य झाली, हे विसरता येत नाही.

अपिलाचा दरवाजा रुंद केला की तो धनवानालाही रुंद होतो, हा आक्षेप खरा आहे. अलास्कात १९८९ मध्ये एक्सॉन वाल्डेझ जहाजातून तेल सांडले. तेथील मासेमारांसह पीडितांना १९९४ मध्ये मंजूर झालेली पाच अब्ज डॉलरची दंडात्मक भरपाई अपिलांच्या फेऱ्यांत घटत २००८ मध्ये सुमारे ५१ कोटी डॉलरवर आली. तोवर एकोणीस वर्षे लोटली होती.

म्हणून मला तीन गोष्टी आवश्यक वाटतात. पहिली, मोजमापाचा अहवाल पीडिताला त्याच्या भाषेत, आकडेमोडीच्या पद्धतीसह मिळावा. कारण हिशेबच न दाखवता दिलेल्या रकमेला आव्हान तरी कशाच्या आधारे द्यायचे? दुसरी, रकमेपुरते वस्तुस्थितीवरील अपील राज्याच्या उच्च न्यायालयात असावे. तिसरी, निर्विवाद रक्कम अपिलापूर्वीच अदा व्हावी आणि कंपनीने अपील केल्यास वादग्रस्त रकमेचा ठरावीक हिस्सा आधी जमा करावा. मोटार वाहन कायद्यात भरपाई देणाऱ्या पक्षावर अशी अट आजही आहे.

लहान व्यावसायिकाकडे ताळेबंद नसतो. असते ती कारखान्याची पावती, बाजाराची वही आणि शेजाऱ्यांची साक्ष. या पुराव्याला मान देणारे मोजमाप आणि ते चुकल्यास परवडणारे अपील, एवढेच तो मागतो. औद्योगिक प्रगतीचा लाभ सर्व देशाने घ्यायचा आणि तिच्या अपघाताचा तोटा मात्र तलावाकाठच्या नावाड्याने मुकाट सोसायचा, ही विभागणी न्याय्य म्हणता येणार नाही.