चालत्या वाहनावरील पाण्याची टाकी

विषयाची व्याप्ती

जमिनीवरच्या टाकीला पाण्याचे वजन पेलावे लागते, एवढेच. तीच टाकी वाहनावर चढली की ब्रेक, वळण, चढ-उतार आणि खड्डे यांचे धक्केही तिला सोसावे लागतात. पुणे परिसरात अशा टाक्या अनेक रूपांत दिसतात. २०१७ मध्ये ११ आणि २०२१ मध्ये २३ गावे महापालिकेच्या हद्दीत आली. त्यांतील अनेक वस्त्यांचे पाणी टँकरने येते. बांधकामांना पाणी पुरवणारे टँकर, छोट्या टेम्पोवर ठेवलेली प्लास्टिकची टाकी, हवेली-पुरंदर भागातील ट्रॅक्टरमागचा टँकर, आषाढी वारीत दिंड्यांबरोबर चालणारी पाण्याची वाहने आणि अलीकडे पर्यटनासाठी आलेल्या कॅरॅव्हॅन या सर्वांना एकच शास्त्र लागू पडते. पाणी टाकीत, टाकी वाहनावर आणि वाहन रस्त्यावर स्थिर राहावे लागते. या तीन जोडण्यांपैकी एक ढिली पडली की तिचा भार उरलेल्या दोन्हींवर येतो.

वजनाचा हिशेब

१ लिटर पाण्याचे वजन १ किलो. त्यामुळे १,००० लिटरची भरलेली टाकी म्हणजे १ टन पाणी आणि त्यावर टाकीचे व चौकटीचे वजन. १०,००० लिटरचा टँकर १० टन पाणी वाहतो. हिशेब सोपा असूनही छोट्या वाहनांच्या बाबतीत त्याकडे सर्वाधिक दुर्लक्ष होते. ‘छोटा हत्ती’ या नावाने ओळखला जाणारा टाटा एस २००५ मध्ये बाजारात आला, तेव्हा त्याची भारवहन क्षमता सुमारे पाऊण टन होती. हौद्यात १,००० लिटरची टाकी सहज मावते, पण ती काठोकाठ भरली की अशा वाहनाची मर्यादा ओलांडली जाते. जागा आहे म्हणून वजनही पेलेल, हा समज येथे धोक्याचा ठरतो. जादा वजनाने स्प्रिंग दबतात, टायर तापतात आणि ब्रेक लागायला अधिक अंतर लागते. टाकी कितीही घट्ट बांधली तरी यांपैकी काहीच टळत नाही.

ब्रेक, वळण आणि खड्डा

वाहन थांबते तेव्हा टाकी आपल्या वेगाने पुढे जाऊ पाहते. माल बांधण्याच्या अमेरिकी नियमांत पुढच्या दिशेला गुरुत्वाच्या ०.८ पट, तर मागे व बाजूंना ०.५ पट बल गृहीत धरले आहे. या हिशेबाने १,००० किलोची टाकी कडक ब्रेक लागताच ८०० किलोच्या जोराने केबिनकडे ढकलली जाते. वळणावरचे बल वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. ५० मीटर त्रिज्येच्या वळणावर ताशी ४० किलोमीटर वेगाला ते वजनाच्या सुमारे पाव पट असते, ताशी ६० किलोमीटरला ०.५७ पट होते. वेग दीडपट झाला की बल सव्वादोन पट होते. खड्ड्यात चाक आपटून वर उसळते तेव्हा टाकीचा तळावरचा दाब क्षणभर कमी होतो, घर्षण घटते आणि त्याच क्षणी ती सरकू शकते. म्हणून बांधणी चारही बाजूंना आणि वरच्या दिशेलाही पुरेशी असावी लागते.

अर्धी भरलेली टाकी

पूर्ण भरलेल्या टाकीतील पाण्याला हलायला जागा नसते. ते जवळजवळ घन पदार्थासारखे वागते. रिकाम्या टाकीत हलण्याजोगे काही नसते. त्रास मधल्या पातळीला होतो. ब्रेक लागला की पाणी पुढच्या भिंतीवर आदळते, तेथून परतते आणि वाहन थांबल्यावरही मागेपुढे होत राहते. सिग्नलला थांबलेला टँकर पुन्हा किंचित पुढे ढकलला जातो, तो यामुळेच. वळणावर पाणी बाहेरच्या बाजूला साचते आणि गुरुत्वमध्यही तिकडे सरकतो. दोन चाकांतील अंतर १.८ मीटर आणि गुरुत्वमध्याची उंची १.५ मीटर असलेले वाहन कागदावर वजनाच्या ०.६ पट बाजूच्या बलाला उलटण्याच्या सीमेवर येते. प्रत्यक्षात स्प्रिंग व टायर दबल्याने ही सीमा आणखी खाली येते आणि पाणी बाजूला सरकले की त्याहूनही खाली. वर उल्लेखलेल्या वळणावर ताशी ६० किलोमीटर वेगाला निर्माण होणारे ०.५७ पट बल या सीमेच्या किती जवळ आहे, हे येथे लक्षात येते. एका ठिकाणी निम्मे पाणी उतरवून पुढच्या ठिकाणी निघालेला टँकर वजनाने हलका झालेला असला तरी वळणावर अधिक अस्थिर असतो.

आडपडदे आणि खण

पाण्याची हालचाल मोडण्यासाठी टाकीच्या आत छिद्रे असलेले पत्रे बसवतात. त्यांना बॅफल म्हणतात. पाणी छिद्रांतून जाते, पण त्याची लाट फुटते आणि जोर कमी होतो. वाहनाच्या रुंदीला समांतर बसवलेले आडवे पडदे ब्रेकच्या धक्क्याला आवरतात, लांबीला समांतर उभे पडदे वळणावरच्या हालचालीला. पूर्ण बंद भिंतीने केलेले खण याहून प्रभावी ठरतात. चौकोनी टाकीत लांबीच्या दिशेने मधोमध एक बंद भिंत घातली तर मोकळ्या पृष्ठभागामुळे येणारी अस्थिरता एक चतुर्थांशावर येते, दोन भिंतींनी तीन समान खण केले तर एक नवमांशावर. रुंदीला समांतर घातलेल्या बंद भिंती टाकीच्या पुढच्या भिंतीवरील दाबही विभागतात. ३ मीटर लांबीची टाकी भरलेली असताना ०.८ पट बलाचा ब्रेक लागला तर पुढच्या भिंतीवर २.४ मीटर खोल पाण्याइतका जादा दाब येतो. अशा भिंती नसतील तर हा सगळा भार एका पत्र्याच्या जोडावर पडतो. बॅफलची एक अडचण आहे: आतील सफाई कठीण होते. पिण्याच्या पाण्याच्या टाकीत पडद्यांच्या कोपऱ्यांत गाळ साचतो. म्हणून प्रत्येक खणापर्यंत माणूस किंवा निदान ब्रश पोहोचेल एवढे तोंड ठेवावे लागते.

बैठक आणि चौकट

टाकी सुरक्षित ठेवण्याचे पहिले साधन म्हणजे तिची बैठक. लोखंडी टँकरची टाकी उपचौकटीवर बसते आणि उपचौकट चॅसीला यू-बोल्ट व ब्रॅकेटने जोडली जाते. चॅसी धावताना थोडी पिळवटते. टाकी तिला सर्वत्र ताठ जोडली तर हा पीळ टाकीच्या वेल्डिंगवर येऊन तडे पडतात. त्यामुळे जोडणी घट्ट असावी, पण काही ठिकाणी रबर किंवा तत्सम गादीमुळे थोडी लवचीकही असावी लागते. टेम्पोच्या हौद्यातील टाकीसाठी अँगलची चौकट करून ती हौद्याच्या तळातून खालच्या आडव्या तुळयांना नट-बोल्टने पक्की करतात. नुसत्या पत्र्याला लावलेला बोल्ट जोर आला की पत्रा फाडून निघतो. बोल्टखाली रुंद वॉशर आणि हादऱ्यांनी न सुटणारा नट आवश्यक असतो. चौकटीची पुढची आडवी पट्टी सर्वांत महत्त्वाची, कारण ब्रेकचा धक्का थेट तिच्यावर येतो.

पट्टे, साखळ्या आणि घर्षण

चौकट टाकीला अडवते आणि पट्टे तिला खाली दाबून धरतात. दोन्हींमागे घर्षण काम करत असते. १,००० किलोच्या टाकीवर ८०० किलोचा धक्का आला आणि तळाचे घर्षण वजनाच्या ०.३ पट असेल, तर टाकीचे वजन स्वतःहून ३०० किलो अडवते. उरलेले ५०० किलो केवळ वरून टाकलेल्या पट्ट्यांनी अडवायचे झाल्यास त्यांना सुमारे १,६७० किलोचा खालचा दाब द्यावा लागेल. खाली घसरणरोधक रबरी गादी घालून घर्षण ०.६ केले, तर उरतात २०० किलो आणि दाब लागतो सुमारे ३३३ किलोचा. साध्या गादीने पट्ट्यांचे काम पाच पट हलके होते. पट्ट्याचा कोनही तितकाच निर्णायक असतो. पट्टा उभा असेल तर पूर्ण ताण खाली दाबतो, तळाशी ३० अंशांचा कोन करत असेल तर निम्माच. नायलॉनचा दोर ताणला जातो व ओला झाल्यावर आणखी सैलावतो. रॅचेटचा पट्टा ताण धरून ठेवतो, पण धारदार कडेवर घासून कापला जातो. साखळी टिकाऊ असते, मात्र ती प्लास्टिकवर थेट टाकल्यास टाकीत रुतते.

प्लास्टिकच्या टाकीची मर्यादा

घरांच्या गच्चीवर दिसणारी पॉलिथिनची टाकी सपाट, स्थिर आधारासाठी घडवलेली असते. तिच्या भिंतीवरील वळ्या पाण्याचा बाहेरचा दाब पेलण्यासाठी असतात, पट्ट्याचा आतला दाब किंवा एका बाजूने येणारा धक्का सोसण्यासाठी नाही. तिच्यात आडपडदेही नसतात. रिकामी असताना पट्टा ताणला तर ती चेपते, भरल्यावर फुगून पट्ट्यावर ताण आणते आणि पाणी कमी होताच पट्टा पुन्हा सैल होतो. उन्हाने प्लास्टिक मऊ पडते, वर्षानुवर्षांच्या उन्हाने ठिसूळ होते. अशी टाकी वाहनावर वापरायचीच झाली, तर तिला चारही बाजूंनी बंद चौकट हवी. एका मोठ्या टाकीऐवजी लहान टाक्या वापरून त्या एकेक करून पूर्ण रिकाम्या करणे अधिक सुरक्षित, कारण त्या वेळी एकाच टाकीतील पाणी हलते.

ट्रॅक्टरमागचा टँकर

ओढून नेल्या जाणाऱ्या टाकीत आणखी एक जोडणी वाढते: दांडी, हुक आणि पिन. दोन चाकी टँकरच्या वजनाचा काही भाग ट्रॅक्टरच्या हुकवर टेकलेला असतो. उतारावर ब्रेक लागला की पाणी पुढे येऊन हुकवरचा भार वाढवते आणि टँकर ट्रॅक्टरला मागून रेटतो. दोघे एका रेषेत नसतील तर टँकर बाजूला वळून ट्रॅक्टरला दुमडतो. चढावर पाणी मागे जाते, हुकवरचा भार घटतो आणि ट्रॅक्टरच्या मागच्या चाकांची पकड कमी होते. टँकरला स्वतःचा ब्रेक असणे, पिनला अडकवण असणे आणि पिन तुटल्यास दांडी जमिनीत घुसू न देणारी सुरक्षा साखळी असणे या तीन गोष्टी म्हणूनच अनिवार्य मानाव्या लागतात. रात्री मागे दिवे व परावर्तक पट्ट्या नसतील, तर टँकर पक्का असूनही मागून येणाऱ्यासाठी तो अपघाताचे कारण ठरतो.

कॅरॅव्हॅन

महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटनाचे धोरण स्वीकारले. मोटर कॅरॅव्हॅनच्या मान्यतेसाठी एआयएस-१२४ हे भारतीय मानक आहे, आणि वाहनांची अशी चाचणी करणाऱ्या संस्थांपैकी एआरएआय ही १९६६ मध्ये स्थापन झालेली संस्था पुण्यात वेताळ टेकडीवर आहे. कॅरॅव्हॅनमध्ये स्वच्छ पाणी, वापरलेले पाणी आणि शौचालयाचे पाणी यांच्या वेगळ्या टाक्या असतात. प्रवासात एक रिकामी होत जाते तशा दुसऱ्या भरत जातात, म्हणजे एकूण वजन फारसे न बदलता त्याची जागा बदलते. ओढून नेण्याच्या कॅरॅव्हॅनमध्ये साधारण १० ते १५ टक्के वजन हुकवर असावे लागते. भरलेली टाकी आसाच्या मागे असेल तर हा वाटा घटतो आणि वेगात मागचा भाग डोलू लागतो. तळाखालच्या टाकीला धरणाऱ्या धातूच्या पट्ट्या चिखल-पाण्याने गंजतात आणि नजरेआड असल्याने तुटेपर्यंत कळत नाहीत. कोकणात वारंवार जाणाऱ्या वाहनात खाऱ्या हवेमुळे हा गंज लवकर चढतो.

वारीतील पाणी

ज्ञानेश्वर आणि तुकाराम महाराजांच्या पालख्या पुण्यात मुक्काम करून पुढे निघतात. ज्ञानेश्वर महाराजांची पालखी दिवे घाट चढून सासवडला जाते, तर तुकाराम महाराजांची लोणी काळभोरच्या दिशेने. दिंड्यांचे ट्रक आणि पाण्याचे टँकर त्यांच्या पुढेमागे धावतात. येथे वेग कमी असतो, पण माणसे वाहनाला खेटून चालत असतात, थांबणे-निघणे सतत चालू असते आणि पाणी वाटत गेल्याने टाकी बहुतेक वेळ अर्धी असते. वर सांगितलेली अनेक प्रतिकूल कारणे एकाच ठिकाणी जमतात. चढावर उभ्या केलेल्या टँकरच्या चाकामागे लाकडी ठोकळा लावणे, माणसे नळाशी जमण्याआधी तो लावलेला असणे आणि नळ रहदारीच्या विरुद्ध बाजूला असणे, या साध्या व्यवस्थांवर येथे जीव अवलंबून असतात.

झाकण, हवा आणि कॉक

टाकीच्या तोंडाला घट्ट बसणारे झाकण हवे. उघड्या झाकणातून सांडलेले पाणी वळणावर रस्ता ओला करते आणि दुचाकींच्या या शहरात मागून येणारा स्वार घसरतो. झाकण बंद असताना हवेच्या ये-जेसाठी वेगळी नळी लागते. ती तुंबली तर पाणी उपसताना आत पोकळी निर्माण होऊन पातळ पत्र्याची टाकी आत चेपू शकते. नळीच्या टोकाला जाळी असली की धूळ व किडे जात नाहीत. खालचा कॉक चौकटीच्या आत असावा. बाहेर आलेला कॉक किरकोळ धडकेतही तुटतो आणि संपूर्ण टाकी रस्त्यावर रिकामी होते.

तपासणी

बांधणी एकदा करून संपत नाही. भरल्यानंतर टाकी बसते, पट्टे ताणले जातात, बोल्ट हादऱ्यांनी सैल होतात. म्हणून निघण्यापूर्वी आणि काही किलोमीटर गेल्यावर पुन्हा ताण पाहावा लागतो. बोल्टवर रंगाची रेघ मारून ठेवली तर तो फिरल्याचे नजरेने कळते. गंजाचा नवा ओघळ, वेल्डिंगजवळची केसाएवढी रेघ, पट्ट्याचे विसकटलेले धागे आणि टाकीखालील घासल्याच्या चकचकीत खुणा ही हालचालीची चिन्हे असतात. पावसाळ्यानंतरची तळाची तपासणी पुण्यासारख्या ठिकाणी विशेष गरजेची ठरते.

उपायांची सीमा

चौकट टाकीला धरते, पडदे पाण्याला, आणि वेग वाहनाला. यांतील पहिले दोन कारखान्यात किंवा गॅरेजमध्ये तयार होतात, तिसरा चालकाच्या हाती असतो. कात्रजच्या नव्या बोगद्यापासून नवले पुलाकडे येणाऱ्या लांब उतारावर ब्रेक सतत दाबून ठेवल्यास ते तापून निकामी होतात, आणि तेथे उत्तम बांधणीही काही वाचवू शकत नाही. खालचा गिअर आणि आधीपासून कमी ठेवलेला वेग हाच उपाय. फेऱ्यांच्या संख्येवर पैसे मिळत असतील तर चालकावर घाईचे दडपण येते, म्हणून ही जबाबदारी टँकरमालक आणि पाणी मागवणारा यांच्यापर्यंत पोहोचते. फेरीला पुरेसा वेळ देणे, वाहनाच्या क्षमतेएवढेच पाणी मागणे आणि शक्य तेथे भरलेली टाकी एकाच ठिकाणी पूर्ण उतरवून घेणे, हे निर्णय टँकर निघण्यापूर्वी होतात आणि त्याच्या सुरक्षिततेत पट्ट्या-बोल्टांइतकाच वाटा उचलतात.