गेल्या रविवारी ८७, या रविवारी ९९

गेल्या रविवारी ८७ फटक्यांत फेरी संपवणारा हौशी गोल्फर या रविवारी ९९ वर येतो. मैदान तेच, पिशवीतले चौदा क्लब तेच, सोबतचे तिघेही तेच. ‘माझा स्विंगच गेला’ हे वाक्य चेंबूरच्या बॉम्बे प्रेसिडेन्सीपासून येरवड्याच्या पूना क्लबपर्यंत कुठल्याही मैदानावर रविवारी दुपारी कानावर पडतं. मग धावपळ सुरू होते. कोचची वेळ घेतली जाते, रात्री यूट्यूबवर नवी पकड शोधली जाते, नव्या ड्रायव्हरच्या किमती पाहिल्या जातात.

स्विंग खरोखर गेलेला असतो का? बहुतेक वेळा नसतो. गोल्फचा स्वतःचा हिशेबच हे दाखवून देतो, आणि तो समजून घेतला तर हौशी खेळाडूचा पुष्कळ मनस्ताप, वेळ आणि पैसा वाचू शकतो.

सुरुवात हँडिकॅपपासून करू. २०२० मध्ये जगभरासाठी एकच हँडिकॅप पद्धत आली. तिच्यात खेळाडूच्या शेवटच्या २० फेऱ्या घेतात, प्रत्येक फेरीचा आकडा मैदानाच्या अवघडपणाप्रमाणे दुरुस्त करतात आणि त्यांतल्या सर्वांत चांगल्या ८ फेऱ्यांची सरासरी काढतात. उरलेल्या बारा फेऱ्या सरासरीत धरल्याच जात नाहीत. म्हणजे हँडिकॅप हा खेळाडूच्या चांगल्या दिवसांचा आकडा आहे. आपल्या हँडिकॅपइतकं किंवा त्याहून चांगलं खेळणं चार-पाच फेऱ्यांतून एकदाच अपेक्षित असतं. १८ हँडिकॅपचा खेळाडू पार ७२ च्या मैदानावर उतरताना ९० हा आकडा आपला हक्क समजतो. प्रत्यक्षात त्याची नेहमीची फेरी ९२ ते ९४ च्या आसपास असते. नव्वदच्या वरची प्रत्येक फेरी अपयश मानणारा माणूस वर्षातले बहुतेक रविवार नाराज होऊन घरी जातो, आणि तेही पद्धतीत कुठेही न लिहिलेल्या अपेक्षेपायी.

आता चढउताराकडे. समजा, एका खेळाडूची सरासरी ९३ आहे आणि वर्षभरात त्याचा स्विंग तसूभरही बदललेला नाही. प्रत्येक होलवर त्याचा आकडा सरासरीच्या मागेपुढे साधारण एका फटक्याने हलतो. कधी पार, कधी बोगी, कधी डबल बोगी. अठरा होलची ही हालचाल एकत्र केली की संख्याशास्त्राच्या नियमाने फेरीचा चढउतार १८ च्या वर्गमुळाइतका, म्हणजे चार फटक्यांहून थोडा जास्त निघतो. तीनपैकी दोन फेऱ्या ८९ ते ९७ या पट्ट्यात पडतील, एक त्याच्या बाहेर. ८७ आणि ९९ हे दोन्ही आकडे याच खेळाडूच्या, याच स्विंगचे असू शकतात. त्यासाठी पकड बिघडायला नको की खांदे आखडायला नकोत.

नोबेल विजेते मानसशास्त्रज्ञ डॅनियल कानेमन यांनी हाच मुद्दा मांडताना गोल्फ स्पर्धेचं उदाहरण घेतलं होतं. पहिल्या दिवशी फार वाईट खेळलेला खेळाडू दुसऱ्या दिवशी बहुधा सुधारतो, फार चांगला खेळलेला बहुधा थोडा घसरतो. कारण दोघांच्याही पहिल्या आकड्यात नशिबाचा वाटा मोठा होता. हौशी गोल्फर फसतो तो इथेच. ९९ नंतर तो नवा ड्रायव्हर घेतो, पुढच्या रविवारी ९२ येतात आणि श्रेय ड्रायव्हरला जातं. काही न बदलताही ते ९२ च्या आसपासच आले असते. दोन महिन्यांनी पुन्हा एक वाईट फेरी येते, तेव्हा तोच ड्रायव्हर गुन्हेगार ठरतो.

मोठ्यांचं काय होतं तेही पाहण्यासारखं आहे. २०११ च्या मास्टर्समध्ये रोरी मॅकलरॉय शेवटच्या दिवशी चार फटक्यांची आघाडी घेऊन उतरला आणि ८० फटके घेऊन पंधराव्या स्थानावर घसरला. दोनच महिन्यांनी यूएस ओपन त्याने आठ फटक्यांनी जिंकलं. त्याची २६८ ही एकूण संख्या तेव्हाचा विक्रम होती.

पण हौशी खेळाडूला जवळचं उदाहरण बॉबी जोन्सचं. अमेरिकेतल्या अटलांटाचा हा वकील आयुष्यभर हौशीच राहिला. १९२१ मध्ये एकोणिसाव्या वर्षी तो सेंट अँड्र्यूजला ब्रिटिश ओपन खेळायला गेला. तिसऱ्या फेरीत पहिल्या नऊ होलला त्याचे ४६ फटके झाले आणि अकराव्या होलवर त्याने चेंडू उचलून स्पर्धाच सोडून दिली. त्या वयात त्याचा राग प्रसिद्ध होता. १९२३ च्या यूएस ओपनमध्ये विजेतेपद हातात आलं असताना त्याने शेवटच्या तीन होलवर चार फटके वाया घालवले आणि बरोबरी झाली. दुसऱ्या दिवशीच्या अठरा होलच्या निर्णायक फेरीतही शेवटच्या होलपर्यंत बरोबरीच होती. तिथे चेंडू रफमध्ये पडला होता. जोन्सने लांब आयर्न घेऊन तो पाण्यावरून थेट ग्रीनवर टाकला आणि जिंकला. तिथून १९३० पर्यंत त्याने तेरा मोठ्या स्पर्धा जिंकल्या, शेवटच्या वर्षी चारच्या चार. या काळात त्याच्या खेळात मला सर्वांत मोलाचा वाटतो तो एक बदल: समोरच्या माणसाशी लढणं सोडून तो ‘पार’ या आकड्याशी खेळू लागला. वाईट फटका पडणारच हे धरून पुढचा फटका खेळायला शिकला. १९२७ मध्ये त्याच सेंट अँड्र्यूजवर त्याने ओपन सहा फटक्यांनी जिंकलं.

वाईट फटका पडणारच, याला साधं भूमितीचं कारण आहे. क्लब आणि चेंडूची गाठ सेकंदाच्या सुमारे दोन हजाराव्या भागापुरती पडते. तेवढ्यात चेंडूची दिशा फक्त दोन अंशांनी चुकली तरी २०० यार्डांवर तो सात यार्ड बाजूला जातो. वळणाची भर वेगळीच. एवढ्या फरकाने कधी चेंडू ग्रीनच्या कडेला थांबतो, कधी बंकरमध्ये जातो. चूक सारखीच, शिक्षा वेगळी.

मग हाताशी काय उरतं? कोलंबिया विद्यापीठाचे प्राध्यापक मार्क ब्रोडी यांनी लाखो फटक्यांच्या नोंदी तपासल्या. चांगल्या आणि साधारण खेळाडूंच्या गुणांत जो फरक पडतो, त्याचा सुमारे दोन तृतीयांश भाग १०० यार्डांपलीकडच्या फटक्यांतून येतो, असं त्यांना दिसलं. अमेरिकेच्या व्यावसायिक दौऱ्यावरचे खेळाडूसुद्धा आठ फुटांवरून निम्मेच पट घालतात, हेही त्यांच्याच आकड्यांतून कळतं. आठ फुटांवरचा पट चुकला म्हणून पटर बदलणाऱ्याने एवढं एक लक्षात ठेवावं.

मैदानावर विचार कुठे ठेवावा, याबाबतही चांगलं संशोधन झालं आहे. मानसशास्त्रज्ञ सायन बायलॉक यांच्या प्रयोगांत कसलेल्या खेळाडूंना पट मारताना फटक्याच्या हालचालीकडे लक्ष द्यायला सांगितलं, तेव्हा त्यांचा खेळ बिघडला. नवशिक्यांना मात्र तसं लक्ष देण्याचा फायदा झाला. गाब्रिएले वुल्फ यांच्या अभ्यासात हातांपेक्षा क्लबच्या झोक्यावर लक्ष ठेवणाऱ्यांचे फटके अधिक अचूक पडले. फेरी बिघडायला लागल्यावर दर फटक्याला मनगट, कोपर, खांदा तपासत बसणारा अनुभवी खेळाडू नेमकं उलट करतो. दुरुस्तीची जागा रेंजवर आहे. तिथेही एकाच क्लबने पन्नास चेंडू मारण्यापेक्षा दर चेंडूला क्लब आणि लक्ष्य बदललेलं बरं, कारण मैदानावर एकच फटका लागोपाठ दोनदा क्वचितच खेळावा लागतो.

आपल्याकडे पावसाळ्याचाही विचार हवा. जून ते सप्टेंबर मैदानं जड असतात, चेंडू पडतो तिथेच रुततो, घरंगळत नाही, आणि अनेकांचा खेळ आठवडेच्या आठवडे बंद राहतो. ऑक्टोबरमधल्या पहिल्या तीन-चार फेऱ्यांवरून फॉर्मचा निकाल लावणं अन्यायाचं आहे.

अर्थात कधीकधी खरंच काही बिघडतं. पाठ किंवा मनगट दुखत असेल, किंवा एकाच जातीची चूक आठ-दहा फेऱ्या सलग दिसत असेल, तर डॉक्टरकडे किंवा कोचकडे जायलाच हवं. हँडिकॅपची पद्धतसुद्धा घाई करत नाही. वर्षभरातल्या नीचांकापेक्षा आकडा तीनने वाढला की पुढची वाढ निम्मीच धरतात, आणि पाचच्या वर जाऊ देत नाहीत. एका होलवर दहा फटके झाले तरी हँडिकॅपसाठी ते दहा धरत नाहीत. एक फटक्याची सूट असलेल्या पार चारवर जास्तीत जास्त सातच मोजतात.

म्हणून पुढच्या वाईट फेरीनंतर काही विकत घेण्याआधी मागची वीस कार्डं काढून पाहा. किती फटके पाण्यात किंवा हद्दीबाहेर गेले, किती ग्रीनवर तीन पट लागले, किती चिप अर्ध्यावर राहिल्या, एवढंच टिपा. कोचकडे जायचं ठरलंच, तर तो कागद सोबत न्या.