पांढऱ्यावर पांढरं

पांढऱ्याशुभ्र कागदावर पांढरं अस्वल कसं रंगवाल? आपल्यातले बरेच जण इथेच अडकतील. काळी आउटलाइन काढू, आत रंग भरायचाच नाही असं ठरवू आणि मोकळे होऊ. चार वर्षांच्या पोरांना ही अडचण वाटतच नाही. एकाने अस्वल जांभळं केलं, विषय संपला!

सोमवार ते शुक्रवार माझं आयुष्य म्हणजे लोअर परळचं ऑफिस, एक्सेल शीट्स आणि फास्ट लोकलमधली धक्काबुक्की. शनिवारी सकाळी मात्र डोंबिवलीतल्या एका प्ले-ग्रुपमध्ये तीन ते पाच वर्षांची बारा मुलं आणि पोस्टर कलर्स. सध्याचा विषय, आर्क्टिकचे प्राणी.

बर्फ म्हणजे गोळा

डोंबिवलीच्या मुलांसाठी बर्फ दोनच ठिकाणी असतो, फ्रिजमध्ये आणि गोळेवाल्याकडे. त्यामुळे पहिल्या दिवशी उत्तर ध्रुवावर चक्क कालाखट्टा सांडला होता! आता रंगांच्या आधी परातीत बर्फाचे खडे येतात. हात लावायचा, गार लागलं की ओरडायचं, खड्यातून पलीकडे बघायचं. मग कोणीतरी म्हणतंच, ‘दादा, हा पांढरा नाहीये!’ खरंच नसतो. गंमत म्हणजे अस्वलही नसतं. त्याचे केस पारदर्शक असतात, उजेड विखुरतो म्हणून ते पांढरे दिसतात. आणि केसांखालची कातडी असते काळी.

दुसरा वाद पेंग्विनचा. २०१६ मध्ये राणीच्या बागेत हम्बोल्ट पेंग्विन आले, तेव्हापासून मुंबईच्या मुलांना पेंग्विन घरचाच वाटतो. पण आर्क्टिकमध्ये पेंग्विन नाहीत. राणीच्या बागेतल्यांचे भाऊबंद तर पेरू-चिलीच्या किनाऱ्यावर राहतात. अस्वलाची आणि त्यांची भेट होणं शक्य नाही, असं मी समजावून सांगितलं. ‘मग फोन करतील,’ एक जण म्हणाला. यावर काय बोलणार?

मेणबत्तीची जादू

पांढऱ्या अस्वलावर आमचा हमखास उपाय म्हणजे मेणबत्ती. कागदावर मेणबत्तीने अस्वल काढायचं, दाबून. काहीच दिसत नाही. मग जाड ब्रशने वरून पातळ निळा वॉटरकलर फिरवायचा. मेणावर पाणी ठरत नाही आणि निळ्यातून अस्वल बाहेर येतं. दर वेळी आरडाओरडा होतो! रंग ओला असतानाच चिमूटभर मीठ भुरभुरलं की ते रंगातलं पाणी ओढून घेतं आणि बर्फाचे ठिपके उमटतात. निळ्या कागदावर पांढऱ्या रंगात बुडवलेला काटा-चमचा ओढला, की झाली फर. ध्रुवीय कोल्ह्याची मात्र दोन चित्रं लागतात, कारण तो थंडीत पांढरा आणि उन्हाळ्यात तपकिरी असतो. सगळ्यात लाडका नारव्हाल. त्याचं ते लांबलचक शिंग म्हणजे खरं तर दात आहे, हे कळल्यावर सगळे आपापले दात चाचपून बघतात.

‘तू काढून दे’

इथपर्यंत सगळी धमाल. पण एका शनिवारी एका चिमुरडीने सुंदर जमलेल्या अस्वलावर काळा रंग फासला. पूर्ण कागदभर. न्यायला आलेल्या आईचा चेहरा उतरला. ‘सर, प्रदर्शनात लावायचंय. तुम्हीच जरा हात फिरवा ना.’ मी नाही म्हटलं आणि पोरीलाच विचारलं, काय झालं गं? ‘रात्र झाली. अस्वल झोपलंय.’ आर्क्टिकच्या हिवाळ्यात कित्येक आठवडे सूर्य उगवतच नाही, हे मी आईला सांगितलं. चित्र तसंच लागलं.

मी हट्ट का धरला? कारण मोठ्यांनी एकदा हात फिरवला, की पुढच्या आठवड्यात एक वाक्य हमखास ऐकू येतं, ‘मला येत नाही, तू काढून दे.’ वय वर्षं चार! मुलांच्या चित्रांवर १९४७ मध्ये गाजलेलं पुस्तक लिहिणारा व्हिक्टर लोवेनफेल्ड रंग भरायच्या तयार पुस्तकांच्या विरोधात होता, तो याच भीतीने. दुसऱ्याच्या सुबक रेघांत रंग भरता भरता मुलाचा स्वतःच्या रेघेवरचा विश्वास उडतो. आठवून बघा, आपलं चित्र कुठे थांबलं? दोन डोंगर, मधून सूर्य, एक झोपडी आणि नदी. एलिमेंटरी-इंटरमिजिएट दिलेल्यांनाही आज कागद पुढे केला तर ते म्हणतात, ‘छे, माझं ड्रॉइंग भयंकर आहे.’ हे आपल्याला कधीतरी कोणीतरी पटवून दिलेलं असतं.

तेव्हा या वीकएंडला भाचा किंवा पुतणी घरी आली तर मोबाइल बाजूला ठेवा आणि मेणबत्ती शोधा. जुनं वर्तमानपत्र पसरा, जाड ब्रश द्या, परातीत बर्फ ठेवा. फक्त दोन पथ्यं पाळा. ब्रश त्यांच्या हातातून घ्यायचा नाही. आणि ‘हे काय आहे?’ असं विचारायचं नाही. ‘मला सांग ना यातलं,’ म्हणायचं आणि ऐकत बसायचं. एक कागद स्वतःलाही घ्या. अस्वल जांभळं झालं तरी चालेल.