स्वमग्न बालकाच्या हस्तचेष्टा : विकार की आधार?

स्वमग्न बालकाचे पालक वैद्याकडे येतात तेव्हा पहिली तक्रार बहुधा बोलण्याविषयी असते. दुसरी जवळजवळ ठरलेली: "डॉक्टर, हे हात झटकणे तेवढे बंद करा, लोक बघतात." हात फडकावणे, पुढेमागे डोलणे, गिरक्या घेणे, एकच शब्द घोळवणे, या चेष्टांना आज 'स्टिमिंग' म्हणतात, मराठीत स्वयंउद्दीपन म्हणता येईल. अशी चंचलता दिसताच वातप्रकोप ठरवून बस्ती व अभ्यंग लिहून देण्याचा मोह आपल्यापैकी अनेकांना होतो. त्यापूर्वी थोडे थांबावे, अशी आमची विनंती आहे.

सन 2013 च्या डीएसएम-5 या निदानग्रंथाने पुनरावृत्त चेष्टा आणि ध्वनी, प्रकाश, स्पर्श यांची न्यूनाधिक संवेदना यांना निकषांच्या एकाच गटात ठेवले आहे. घाटकोपरचेच पाहा. लोकल आणि मेट्रो यांची गर्दी एकाच स्थानकावर, लालबहादूर शास्त्री मार्गावर भोंगे, डोक्यावरून विमानतळाकडे उतरणारी विमाने. आपले कान यांतले बरेचसे वगळतात. स्वमग्न बालकावर ते सारे एकदम कोसळू शकते. अशा वेळी डोलणे हा त्याने स्वतः शोधलेला आधार असतो. स्टीव्हन कॅप व सहकाऱ्यांनी 2019 मध्ये 32 स्वमग्न प्रौढांचे अनुभव प्रसिद्ध केले. या चेष्टांनी मन स्थिरावते, असे त्यांनी सांगितले आणि त्या मोडून काढणाऱ्या उपचारांना विरोध दर्शवला. हात आनंदानेही फडकतात, हेही ध्यानी असावे.

चरकाचार्यांनी सूत्रस्थानाच्या सातव्या अध्यायात 13 अधारणीय वेग सांगितले आहेत. हस्तचेष्टा त्यांत नाही आणि ती तेथे ओढूनताणून बसवण्याचा आमचा हेतू नाही. परंतु बळाने रोखलेला वेग अन्यत्र पीडा उत्पन्न करतो, हा विचार दृष्टांत म्हणून उपयोगी पडतो. त्याच अध्यायात धारणीय वेगही आले आहेत. तोच विवेक येथे हवा. बालक भिंतीवर डोके आपटत असेल, हात चावत असेल, तर उपाय केलाच पाहिजे. मात्र प्रथम दात, कान व मलावष्टंभ तपासावेत, कारण न बोलणारे मूल वेदना अशीही सांगते. चेष्टा अकस्मात सुरू झाली असेल आणि हाक मारून वा स्पर्श करूनही खंडित होत नसेल, तर अपस्माराची शंका घ्यावी व मेंदूविकारतज्ज्ञाकडे पाठवावे. स्वमग्नतेसह अपस्मार अधिक प्रमाणात आढळतो.

अभ्यंगाविषयीही एक सूचना. काही बालकांना हलका स्पर्श असह्य होतो, दाब मात्र आवडतो. काहींना तेलाचा चिकटपणाच सोसत नाही. धरून, दाबून केलेला अभ्यंग ही चिकित्सा नव्हे. स्टिमिंग थांबवण्याची हमी देऊन औषध विकणाऱ्यांविषयी अधिक लिहिण्याची आवश्यकता नाही.

पालकांना आम्ही एक वही ठेवण्यास सांगतो: चेष्टा केव्हा झाली, कोठे, आणि तिच्या आधी काय घडले. कुकरची शिट्टी, शाळेची घंटा, पाहुण्यांची गर्दी, अशी नोंद होऊ लागली की पालकांचा प्रश्नच बदलतो. मग हात कसे थांबवावेत हे न विचारता, स्वयंपाक चालू असताना मुलाला कोणत्या खोलीत बसवावे, हे ते विचारू लागतात.