वऱ्हाडाचे दोन समुद्र

अमरावती शहर पाणी पिते ते मोर्शीजवळ सिंभोऱ्याला अडवलेल्या वर्धेचे. ही वर्धा पुढे वैनगंगेला भेटून प्राणहिता होते, गोदावरीत मिसळते आणि आंध्रात बंगालच्या उपसागराला मिळते. शहराचे सांडपाणी मात्र पेढीच्या खोऱ्यात उतरते. पेढी पूर्णेला, पूर्णा चांगदेवजवळ तापीला आणि तापी सुरतेच्या पुढे अरबी समुद्राला मिळते. एका समुद्राच्या वाट्याचे पाणी आपण उचलतो आणि घाण करून दुसऱ्याकडे सोडतो. समुद्राशी आपले काय देणेघेणे, असे वऱ्हाडात कोणी म्हणाले की मला हा नकाशा आठवतो.

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१८ साली महाराष्ट्रातले ५३ प्रदूषित नदीपट्टे नोंदवले. त्यांत पेढी, पूर्णा आणि अकोल्याची मोर्णाही होती. त्याच वर्षी जानेवारीत अकोलेकर हजारोंनी मोर्णेच्या पात्रात उतरले आणि हाताने जलपर्णी ओढून काढली. पंतप्रधानांनी ‘मन की बात’मध्ये त्याची दखल घेतली. ते काम मोलाचेच होते. पण जलपर्णीचे खाद्य म्हणजे सांडपाण्यातले नत्र आणि स्फुरद. नाले सुरू राहिले की ती पुन्हा पसरणारच.

हेच नत्र-स्फुरद खाडीच्या तोंडाशी पोचले की तिथे शेवाळ माजते. ते मरून कुजताना पाण्यातला प्राणवायू ओढून घेते. मासे पळतात, तळाचे खेकडे-शिंपले गुदमरतात. पऱ्हाटी-सोयाबीनला दिलेला युरिया, डीएपी आणि फवारलेली औषधे मृगाच्या जोरदार पावसात नाल्याला लागतात, ती याच वाटेने जातात. वाटेत हतनूर आहे, उकाई आहे. बराच गाळ आणि त्याला चिकटलेले विष तिथे थांबते. विरघळलेले मात्र सगळेच थांबत नाही.

गाळ थांबणे हाही समुद्राचा तोटाच, आणि याकडे फार थोड्यांचे लक्ष जाते. नदीच्या मुखाशी जमीन टिकते ती दरवर्षी येणाऱ्या नव्या गाळावर. गोदावरीच्या खोऱ्यात धरणे वाढली, गाळ घटला आणि मुखाकडच्या त्रिभुज प्रदेशाचा किनारा खचू लागला. काकिनाड्याजवळचे कोरिंगाचे कांदळवन त्याच गाळावर उभे आहे. कोळंबी, बोई, खेकडा यांची पिल्ले कांदळाच्या मुळांत वाढतात, म्हणून कांदळवन गेले की दूर समुद्रातली मासळीही घटते. हिल्सासारखा मासा तर अंडी घालायला समुद्रातून नदीत चढतो. १९७५ साली गंगेवर फराक्काचा बांध झाल्यावर अलाहाबादपर्यंत मिळणारा हिल्सा वरच्या अंगाला जवळजवळ संपला.

सगळा दोष नद्यांच्या माथी मारून चालणार नाही. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेच्या नोंदीप्रमाणे २०१९ मध्ये महाराष्ट्राचे मासे उत्पादन २.०१ लाख टनांवर आले. ४५ वर्षांतला तो नीचांक होता. त्या वर्षी वादळांनी होड्या किनाऱ्याला बांधून ठेवल्या, हे खरे. पण बारीक आसाची जाळी, अख्खा थवा वेढणारी पर्ससीन जाळी आणि एलईडी दिव्यांची मासेमारी यांनी पिल्लेच उपसली जातात, हे कोकणातला पारंपरिक मच्छीमार कितीतरी वर्षे ओरडून सांगतो आहे. पर्ससीनवर राज्याने २०१६ साली निर्बंध घातले. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद असते. २०२३ मध्ये पापलेटला राज्यमासा केले आणि ५४ जातींसाठी पकडण्याची किमान लांबी ठरवली. पापलेटसाठी ती १३५ मिलिमीटर, म्हणजे वीतभरही नाही. नियम चांगले आहेत. रात्री समुद्रात ते कोण पाळायला लावणार, हा प्रश्न आहे. त्यात डहाणूजवळ वाढवण बंदरासाठी समुद्रात मोठा भराव होणार आहे. २०२४ मध्ये त्याचे भूमिपूजन झाले. तिथल्या मच्छीमारांचा विरोध मला रास्त वाटतो, कारण मासळीची पैदास होणारी उथळ जागा एकदा बुजवली की पैसे देऊन परत मिळत नाही.

आपल्या आठवडी बाजारात पोत्यावर सुकट, जवळा, सुके बोंबील मांडलेले असतात. पावसाळ्यात, भाजी महाग झाली की, मजुराच्या घरी कांद्यात परतलेली मूठभर सुकट हेच कालवण. समुद्रातली मासळी आटली तर पापलेट खाणाऱ्याला दुसरे काही परवडेल. सुकट महागली तर या घरांनी काय खावे?

पुण्या-मुंबईच्या धोरणांवर आपला हात पोचत नसेल, पण आपल्या नाल्यांवर पोचतो. अमरावती आणि अकोला महापालिकांचे अंदाजपत्रक दरवर्षी मांडले जाते. त्यात सांडपाणी शुद्धीकरणाला किती रक्कम ठेवली, किती खर्च झाली आणि रोज किती पाणी प्रक्रियेविना नदीत गेले, हे तीन प्रश्न आपल्या नगरसेवकाला लेखी विचारा.